चौदा नंबरच्या कोपऱ्यावरचे रक्त

मित्रांनो, झाकणाचा एक कोपरा गेलेला, तीन कळा उखडलेला मी एक जुना लॅपटॉप आहे. अमरावतीच्या एका कॉलेजच्या कपाटात पडून असतो. हातातून पडून माझा कोपरा मोडला, असे शिपाईमामा सांगतात. खोटे आहे ते. तो एका मुलाच्या कपाळावर मोडला.

मी कोणत्या कारखान्यात जन्मलो, मला आठवत नाही. किशोर सरांनी माझ्या पाठीवर चौदा नंबर चिकटवला, तेव्हापासूनचे सगळे आठवते. प्रोग्रॅमिंग नव्याने शिकणाऱ्या मुलांना सर तिघातिघांत प्रकल्प देत, आणि प्रत्येक गटाला एक लॅपटॉप. प्रोग्रॅम अडला की पोरे मला बुक्क्या मारत. चूक त्यांची, मार मला! तरी सर म्हणत, "म्हातारा हाय, पन कामाचा हाय." तेवढ्यावर मी खूश असायचो.

गेल्या वर्षी मी अपेक्षा, पियुष आणि अश्विन यांच्याकडे होतो. अपेक्षाच्या घरचा बडनेऱ्याजवळ भाजीचा मळा. कोणत्या वाफ्याला कधी पाणी द्यायचे, हे सांगणारा प्रोग्रॅम ते लिहीत होते. मी पाळीपाळीने तिघांच्या घरी जायचो. मूर्तिजापूरहून रेल्वेने येताना पियुषच्या डब्यातला ठेचा माझ्या कळांत सांडला होता. तिघांना एक खोड होती. जो तो आपल्या फायलीला 'फायनल' हेच नाव द्यायचा, त्यामुळे कोणाची फाईल कोणावर चढेल याचा नेम नव्हता. म्हणून शेवटच्या दिवशी अश्विनने पूर्ण झालेला प्रोग्रॅम वेगळ्या फोल्डरमध्ये हलवला. इतरांना सांगायचे मात्र राहून गेले.

सादरीकरणाच्या सकाळी पियुषने मला उघडले. 'फायनल'मध्ये महिन्यापूर्वीचे अर्धवट काम! या विषयात तो आधी एकदा नापास झालेला. यंदाही गेला तर वर्ष बुडणार होते. त्याने अश्विनची कॉलर धरली.

"काहून पुसलं बे सगळं?"

"म्या नाई पुसलं! आयक त, म्या थे..."

ऐकतो कोण! थप्पड बसली, मग लाथ. अश्विन बाकावर आदळला, उठला आणि त्याने पियुषचा ओठ फोडला. "सोड त्याले! मरून जाईन थो!" म्हणत अपेक्षा मध्ये पडली. पियुषने तिला भिंतीवर ढकलले. मग मला दोन्ही हातांनी उचलून अश्विनच्या कपाळावर हाणले. पुन्हा हाणले. माझा कोपरा तुटला आणि त्याचा तुकडा अश्विनच्या डाव्या डोळ्यात शिरला. रक्त माझ्या कळांतून आत झिरपले. फाईल माझ्याच पोटात होती, मित्रांनो, आणि मला तोंड नव्हते.

अश्विनला ऑटोतून दवाखान्यात नेले. सरांनी मला दुसऱ्या पडद्याला जोडून शोध घेतला. दोन मिनिटे लागली. अश्विनने केलेला 'अपेक्षाच्या मळ्याचं काम, हात लावू नका' नावाचा फोल्डर सापडला. प्रोग्रॅम चालू झाला. आधी तिघांची नावे आली, मग 'मेथीच्या वाफ्याला आज पाणी द्या' असे उमटले. पियुष दारात उभा राहून ते वाचत होता.

"सर, थो सांगूनच राहिला होता मले," एवढेच तो म्हणाला आणि खाली बसला.

अश्विनचा डोळा वाचला नाही.

मित्रांनो, मला बुक्क्या मारा, माझ्यावर ठेचा सांडा, मी सोसेन. पण हात उचलण्याआधी समोरच्याचे बोलणे पुरे होऊ द्या. अश्विनच्या त्या वाक्याला आणखी चारच शब्द हवे होते.