सुनेची धर्ममाता

चर्चमध्ये सगळे त्यांना शिवणमावशी म्हणत. फादरांच्या झग्यापासून गायकवृंदाच्या पोशाखांपर्यंत सगळं त्यांच्याच मशीनखालून गेलेलं. प्रार्थना म्हणाल तर एकूण एक तोंडपाठ. फादर वाक्य संपवतात न संपवतात तोच मावशींचं ‘आमेन’ पुढे जाऊन उभं. त्यामुळे त्यांच्या सुनेने ईस्टरला बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं, तेव्हा बाजूला उभी राहून तिला श्रद्धेची वाट दाखवणारी धर्ममाता कोण होणार हा प्रश्नच कुणाला पडला नाही.

प्रश्न पडायचे ते सुनेला.

सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. देवाधर्माचं फारसं काही नसलेल्या घरातून आलेली. लग्न झालं तेव्हा ‘तू तुझी मोकळी’ असं मावशींनीच तिला सांगितलं होतं. पुढे मावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, लेकाला रविवारी ड्युटी असायची, म्हणून सासूला हाताला धरून चर्चला नेण्याचं काम सुनेकडे आलं. पहिल्या रविवारी ती मागच्या बाकावर मोबाईल बघत बसली. दुसऱ्या रविवारी मोबाईल पर्समध्ये गेला. आणि गुडघा बरा होऊन मावशी तुरुतुरु चालायला लागल्या, तरी सून बरोबर येतच राहिली. वर्षभराने म्हणाली, “आई, मला हे हवंय.”

मावशींना आभाळ ठेंगणं झालं. पण ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला आणि त्यांच्या लक्षात आलं, की लॅबवाल्या माणसाची धर्ममाता होणं म्हणजे खायचं काम नव्हे.

“आई, देवाला सगळं आधीच माहीत असतं ना? मग आपण सांगत काय बसतो?”

“आई, येशूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा त्याला पकडून देणाऱ्या यहूदाचेपण धुतले का?”

“असं विचारायचं नसतं,” मावशी म्हणाल्या. पण इस्त्री फिरवता फिरवता त्यांचा हात थांबला. धुतलेच असणार की. तेव्हा तो अजून कुठे गेला होता? तिथेच तर बसला होता, इतरांबरोबर. म्हणजे उद्या हा आपल्याला विकणार हे ठाऊक असून त्याची टाच हातात घेतली, बोटांच्या बेचक्या पुसल्या. इतकी वर्षं दर पवित्र गुरुवारी ऐकलं, आणि ते पाय कधी डोळ्यांपुढे आलेच नाहीत! कापड करपल्याचा वास आला तेव्हा मावशी भानावर आल्या.

“बघ, तुझ्यापायी उशीचा अभ्रा गेला,” त्या ओरडल्या. पण त्या दिवसापासून त्यांना एक खोड लागली. सून काय विचारते ते ऐकायला त्या कान टवकारून बसू लागल्या. वरवर मात्र तेच, “विचारायचं नसतं.”

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या बुधवारी सुनेच्या पांढऱ्या पोशाखाचं माप बघायचं होतं. सून स्टुलावर उभी, मावशी खाली घेर धरून, तोंडात टाचण्या. तोंडात टाचण्या असल्या की उत्तर द्यावं लागत नाही, ही युक्ती त्यांना अलीकडेच सापडली होती.

“आई, एक सांगू? रागावू नका. रविवारी फादर सगळ्यांसमोर विचारणार, विश्वास आहे का. मला हो म्हणता येईल की नाही, माहीत नाही.”

मावशींनी टाचण्या हातावर काढल्या. “अगं, आता? पोशाख झाला, लोकांना सांगून झालं! हो म्हणायला काय लागतं? सगळे म्हणतात तेव्हा म्हणायचं.”

“म्हणणं आणि असणं एकच का? आम्ही बाटलीत काय आहे ते बघितल्याशिवाय चिठ्ठी चिकटवत नाही.”

“देव म्हणजे तुझी बाटली नव्हे.”

“नाही ना. म्हणून तर तुम्हाला विचारते.” सून स्टुलावरून उतरून खालीच बसली, अर्ध्या टाचलेल्या पोशाखासकट. “तुम्ही कशा म्हणता? बाबा गेले तेव्हा काय म्हणालात देवाला?”

सासऱ्यांना तिने फक्त फोटोत पाहिलं होतं. मावशी उठून मशीनशी गेल्या, उगाच दोरा ओवायला लागल्या. दोरा ओवला जाईना.

“काही नाही म्हणाले,” शेवटी त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. इस्पितळात त्याच्या उशाशी बसून मी सारख्या प्रार्थना केल्या. एका सकाळी तो उठून बसला, चहा मागितला. डॉक्टर म्हणाले, आता तुम्ही घरी जाऊन झोपा. मी देवाचे आभार मानले आणि घरी गेले. झोपले. आणि तो गेला.” त्यांनी दोरा सोडून दिला. “तेव्हापासून पाठ असलेलं सगळं म्हणते. एक दिवस चुकवलेला नाही. पण माझं स्वतःचं असं एक अक्षर देवाशी बोललेलं नाही. तू म्हणशील, ही कसली धर्ममाता. शोध दुसरी.”

मावशींनी ‘मग तुमचा तरी विश्वास आहे का’ या प्रश्नाची धास्ती घेतली होती, तो आला नाही. तिने फक्त विचारलं, “रागावलात त्याच्यावर?”

“देवावर रागवायचं नसतं,” मावशी म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

गुड फ्रायडेच्या भर दुपारी दोघी चर्चला गेल्या. वेदी उघडीबोडकी होती. कापड नाही, फुलं नाहीत, मेणबत्त्या नाहीत. फादर येशूचे क्रुसावरचे सात उद्गार वाचायला लागले. मावशींना हे वाचन शब्दन् शब्द पाठ. कुठे उभं राहायचं, कुठे गुडघे टेकायचे, अंगाला सवय. चौथा उद्गार आला. अंधार पडला, आणि येशूने मोठ्याने हाक मारून देवाला विचारलं, तू मला का सोडलंस.

मावशी दचकल्या. विचारलं? त्यानेही?

त्यांनी बाजूला पाहिलं. सून समोर बघत होती. फादर पुढे गेले होते. मावशी मात्र तिथेच अडकल्या. सगळं उत्तर ज्याच्याकडे, तोच ‘का’ म्हणतो. आणि मनातल्या मनात नव्हे, चारचौघांत, ओरडून. त्याला कुणी सांगितलं नाही, असं विचारायचं नसतं म्हणून. बरं, उत्तर? पुढे उत्तर आलं का? मावशींनी पाठ असलेले सगळे शब्द आठवून पाहिले. उत्तर काही आलं नव्हतं. आणि तरीही जाताना त्याने स्वतःला त्याच्याच हाती सोपवलं. हे जमलं कसं?

घरी आल्यावर त्यांनी पुढच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि कापायच्या टेबलाशी बसल्या. टेबलावर पांढरा पोशाख पसरलेला होता. स्वयंपाकघरात सुनेला मावशींचा आवाज आला, प्रार्थनेचा नव्हे, भांडणाचा. “मला घरी का पाठवलंस रे? एवढंच सांग. तासभर थांबले असते तर तुझं काय बिघडलं असतं?” मग बराच वेळ हुंदके. सून दाराशी आली, कडीला हात लावला, आणि परत फिरली.

शनिवारी मावशींनी घेराची तुरपाई केली. डोळे सुजलेले होते, पण अंगातून ताप उतरावा तशा त्या हलक्या दिसत होत्या.

“काही कळलं का?” सुनेने हळूच विचारलं.

“काही नाही. एक अक्षर नाही.” मावशींनी दोरा दाताने तोडला. “पण ऐकत होता, एवढं कळलं. कसं कळलं, ते विचारू नकोस... नाही, विचार. विचारत जा. मला सांगता येणार नाही, पण विचार.”

“मग मी रविवारी काय म्हणू?”

“जे असेल ते म्हण. थोडं असेल तर थोडं म्हण. मी बाजूला उभी आहे.”

रविवारी सकाळी चर्च खच्चून भरलं होतं. फादरांनी विचारलं, विश्वास आहे का. सून क्षणभर थांबली. लेकाने घाबरून आईकडे पाहिलं. मावशी शांत होत्या.

“आहे,” सून म्हणाली. “आणि अजून हवा आहे.”

हे उत्तर कुठेच छापलेलं नव्हतं. फादर हसले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर पाणी ओतलं. मावशींनी तिचे ओले केस पुसले.

सगळं आटोपून लोक अंगणात गप्पा मारत उभे राहिले. मावशींनी गर्दीतून वाट काढत फादरांना गाठलं. त्यांना आज वाचलेलं डोक्यातून जाईना.

“फादर, त्या बाया पहाटे येशूच्या कबरेपाशी गेल्या, ती रिकामी दिसली, आणि भीतीने त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही, असं वाचलंत ना तुम्ही?”

“हो, मावशी.”

“कुणालाच नाही?”

“तसंच आहे खरं.”

“मग आपल्याला कसं कळलं?”

फादर खदखदून हसले. “मावशी, इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. बसा बरं, बोलू आपण.”

सून मागेच उभी होती, केस अजून ओलसर. “भीती ओसरल्यावर कुणीतरी बोललीच असेल, आई,” ती म्हणाली.

“हो, पण कोण?” मावशी पायरीवर बसल्या आणि तिला बसायला जागा करून देत म्हणाल्या, “आणि आधी कुणाला सांगितलं असेल गं तिने?”