कँडी : अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

वृद्धाश्रमाच्या दारातच तो वास नाकात शिरतो, फिनेलचा आणि स्ट्रॉबेरीचा. एकेकटा असता तर चाललं असतं, पण दोन्ही मिळून आले की मी नाकाला रुमाल लावते. अण्णांच्या खोलीतली फरशी इतकी चिकट की पाऊल उचललं की चप्पल मागे राहू बघते. उशीच्या अभ्र्याला अर्धवट चोखलेली लाल गोळी चिकटलेली असते, वर एक पांढरा केस. मी ती कागदात धरून फेकते, साबणाने हात धुते, तरी बोटं एकमेकांना चिकटतातच.

या सगळ्याचं मूळ म्हणजे कँडीबाई. नाव मी ठेवलंय. अण्णांची देखभाल करणारी ही बाई खिशात सदानकदा मूठभर कँडी घेऊन फिरते. "आजोबा, आंघोळ झाली? शहाणे ते! घ्या कँडी." औषध गिळलं, कँडी. नखं कापू दिली, कँडी. अण्णा आ करतात, ती जिभेवर गोळी ठेवते, आणि थोड्या वेळाने लाल लाळ हनुवटीवरून सदऱ्यावर उतरते. माझे वडील आहेत, तरी सांगते, मला शिसारी येते.

अण्णा जन्मभर इंग्रजीचे मास्तर. घरातसुद्धा नवा शब्द कानावर पडला की सुटका नसायची. अर्थ सांग, वाक्यात उपयोग कर. 'कँडी' हा शब्द त्यांनीच मला शिकवला. अर्थ सोपा होता, साखरेची गोळी. वाक्य मी केलं, 'मी शब्द पाठ केले की अण्णा मला कँडी देतात.' त्यांनी ते खोडलं. "वाक्यात चूक काही नाही," ते म्हणाले, "पण ते खोटं आहे. मी कँडी अशीच देतो."

खरंच, अशीच द्यायचे. तास संपताना खडूने माखलेल्या खिशातून सगळ्या वर्गाला, नापासांनाही. एकदा आत्या मला म्हणाली, "इंग्रजीत काहीतरी बोलून दाखव, मग देते कँडी." अण्णांनी तिच्या हातातली गोळी काढून तिच्याच पर्समध्ये टाकली. "माझी मुलगी माकड नाही," म्हणाले. आत्या पुढे कितीतरी महिने गाल फुगवून होती.

आणि आता तेच अण्णा एका गोळीसाठी हात वर करतात, पाय पुढे करतात. कँडीबाईच्या तोंडावर चार शब्द फेकावेत असं दर खेपेला वाटायचं. पण मी ब्र काढला नाही, कारण मला दुसरीच चिंता होती. अण्णा मला ओळखेनासे झाले होते. दर रविवारी मी समोर बसून विचारायची, "अण्णा, मी कोण?" आणि ते खिडकीकडे बघत बसायचे. गेल्या रविवारी तर मला रडू आवरेना. जिन्यात उभी राहून रडले. एकदा, फक्त एकदा त्यांनी ओळखावं, एवढंच मला हवं होतं.

या रविवारी मी आत गेले, खुर्ची ओढली. अजून विचारलंसुद्धा नव्हतं. अण्णांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"धाकटी," ते म्हणाले. "माझी धाकटी."

मी त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. हसत होते की रडत होते, माझं मलाच कळेना. तेवढ्यात अण्णांनी आ केला. लालभडक जीभ बाहेर काढली आणि तसेच थांबले.

"म्हणाले ना?" दारात कँडीबाई उभी होती, आनंदाने नुसती फुलून गेलेली. "तुमचा तो कपाटावरचा फोटो मी रोज दाखवत होते त्यांना. आधी काहीच बोलायचे नाहीत. मग बरोबर सांगितलं की एक कँडी, असं सुरू केलं. ताई, तुम्ही जिन्यात रडत होतात ना, मला बघवलं नाही हो."

मी अण्णांचे हात सोडले. तिची किळस आली, त्या जिभेची आली, आणि मघाशी मला झालेल्या आनंदाची तर सगळ्यात जास्त आली. तिने गोळी माझ्यापुढे धरली. "तुमच्या हाताने द्या की."

ती गोळी तिच्याच खिशात परत टाकायची, अण्णांनी आत्याला म्हटलं ते वाक्य म्हणायचं, सगळं माझ्या ओठांवर होतं. अण्णा वाट बघत होते. त्यांची नजर माझ्यावर नव्हती, गोळीवर होती. मी कागद सोलला आणि गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली. बोट ओलं झालं, ते मी रुमालाला पुसलं.

कँडीबाई जाताना आणखी थोड्या गोळ्या टेबलावर ठेवून गेली. अण्णांची चोखून संपेपर्यंत मी थांबले. मग एक उचलली, कागद काढला, त्यांना दिसेल अशी वर धरली.

"अण्णा," मी विचारलं, "मी कोण?"