बिनआवाजाची गाडी

नवी विजेची गाडी दारात उतरली तेव्हा सगळं घर फाटकाशी गोळा झालं, पण सून मात्र पायरीवरच थांबली. तिची दहा महिन्यांची चिमी दुपारी झोपायची ती फक्त जुन्या डिझेल गाडीच्या घरघरीवर. दोन फेऱ्या मारल्या की मान टाकायची. ती गाडी कालच विकली गेली होती.

"ताई, हिला आवाज म्हणून नाहीच," गाडी पोचवायला आलेला माणूस कौतुकाने म्हणाला.

"तेच तर दुखणं आहे, दादा!"

"आधी बसून तर बघ," नवरा म्हणाला.

ती मागे बसली, मधे चिमीची खुर्ची आणि पलीकडे सासरे. गाडी पाण्यावरून सरकावी तशी निघाली. चिमीने इकडेतिकडे पाहिलं, ओठ काढला आणि भोकाड पसरलं.

"म्हटलं नव्हतं मी?" सून रडकुंडीला आली.

सासऱ्यांनी घसा खाकरला. "घुर्रर्र..." वळणावर त्यांनी तोंडानेच गियरही बदलला.

"बाबा, काहीतरीच तुमचं!"

"तू पुढे बघ रे. घुर्रर्र..."

दुसऱ्या फेरीला चिमीचे डोळे मिटले. तिसऱ्या फेरीला सासऱ्यांचेही. त्यांचं तोंड थांबलं, पण नाकाने काम हाती घेतलं. घोरणं अगदी जुन्या गाडीसारखं, मधूनमधून अडखळणारं.

"वळवू का घरी?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"छे! इंजिन चालू आहे तोवर फिरव," ती म्हणाली आणि आज पहिल्यांदाच पाठ टेकून बसली.