तुटलेला दोरा

नणंदबाई गोधडी काखोटीला मारून तणतणत आल्या. "बघ, तुटला ना तुझा सुती दोरा! तेव्हाच सांगत होते, पॉलिस्टरचा घाल."

सांगत होत्या खऱ्या. गोधड्या शिवायच्या माझ्या खोलीभर मोठ्या मशीनवर सुती दोऱ्याचे फार लाड करावे लागतात. ताण सैल ठेवा, सुई जाड लावा, वेग आवरा, बॉबिनपाशी साचलेला कापूस सारखा पुसा. तरी तो मधूनच रुसतो. पण ताईंसाठी शिवलेली ही गोधडी सासूबाईंच्या मागे उरलेल्या जुन्या कपड्यांची होती. मी हट्टाने सुतीच घातला.

"झालं काय, ताई?"

"नातवंडांनी दोन टोकं धरून ओढाओढी केली."

मी गोधडी खिडकीच्या उजेडात धरली. टाके वीतभर उसवले होते, पण खालच्या निळ्या फुलांच्या कापडाला साधं भोकही पडलं नव्हतं. माझी मान आपोआप ताठ झाली.

"पॉलिस्टरचा दोरा टिकला असता आणि कापड टरकन फाटलं असतं. दोरा मी पुन्हा घालीन हो. आईंचं हे कापड तुम्ही कुठून आणलं असतं?"

नणंदबाई त्या निळ्या फुलांवरून हात फिरवत राहिल्या. मग खुर्ची ओढून मशीनजवळ बसल्या.

"सुतीच घाल," म्हणाल्या.