पन्नास फुटांवरून

बेसबॉलमध्ये ऑगस्टस व्हीलॉकच्या नावावर तीन हजारांहून अधिक फटके आहेत. ओहायोतल्या या मैदानावर १८८८ साली मारलेले चार त्यांत धरलेले आहेत. त्या दिवशी चेंडू फेकणार होता इझेकील पर्डी. व्हीलॉकने सरावात त्याचे तीन चेंडू पाहिले आणि काळ्या माणसासमोर आपण उभे राहणार नाही, असे पंचाला कळवले. नियमाप्रमाणे, खेळायला नकार देणारा संघ नऊ-शून्यने हरला असे धरले जाई. परंतु प्रेक्षक जमले होते. इझेकीलच्याच मॅनेजरने त्याला बाकावर बसवले आणि मोठ्या सभ्यतेने सामना पार पाडला. काळ्या खेळाडूंना बाहेर ठेवण्याची ही सभ्यता पुढे साऱ्या लीगने अंगीकारली, तीही कुठे एक अक्षर न लिहिता.

तेहतीस वर्षे इझेकील त्याच मैदानाची निगा राखत आला होता. अपमान झिजला, उरला तो एकच प्रश्न. त्या दिवशी आपला चेंडू व्हीलॉकला मारता आला असता का? हे सांगू शकेल असा डोळा जगात एकच होता.

आज त्या डोळ्याच्या मालकाचा सत्कार होता. पाहुणा तासभर आधीच आला. इझेकील चुन्याच्या रेघा मारत होता. व्हीलॉक बॅट घेऊन उभा राहिला आणि बोलत सुटला. इथेच म्हणे त्याने एकदा एक चेंडू पाहिला होता. गुडघ्याशी येऊन ऐन वेळी बुडी मारणारा. तसा पुन्हा कधी दिसला नाही.

"कुणी टाकला होता, कॅप्टन?"

"कोण जाणे. होता कुणीतरी. टाक रे म्हाताऱ्या दोन-चार, हाडं आखडलीत."

जुन्या काळी चेंडू जिथून टाकत, त्या पन्नास फुटांवर इझेकील जाऊन उभा राहिला. बोटे आपोआप चेंडूच्या शिवणीवर आडवी बसली. व्हीलॉकचे डोळे बारीक झाले.

खांद्यात आता ती बुडी राहिली नव्हती. चेंडू सरळ गेला, कुणीही फटकावावा इतका सरळ. व्हीलॉक मात्र तो वळण्याची वाट पाहत राहिला. चेंडू मागच्या फळ्यांवर आदळला.

"तू होतास तो," व्हीलॉक म्हणाला.

"एक हुकला, कॅप्टन. बाद व्हायला अजून दोन."

व्हीलॉकने पाय पुन्हा रोवले. तेवढ्यात फाटकातून महापौर शिरले, मागोमाग बँड. व्हीलॉकने बॅट खाली ठेवली आणि रेघा अजून अर्धवट कशा, असे सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारले.

इझेकीलने रेघा पुऱ्या केल्या. भाषणे संपल्यावर दाताळे फिरवून सारे मैदान सारखे केले. पन्नास फुटांवरचे आपल्या बुटांचे ठसे तेवढे त्याने राहू दिले.