हात खिशात

आमच्या घरात काही पडलं, की आधी हात जातो आणि मग डोळे. कपबश्यांचं दुकान आहे आमचं, दुसरं काय होणार? गिऱ्हाईक बोलता बोलता कोपराने बरणी ढकलणार, पोरं फुलदाणीशी झोंबाझोंबी करणार आणि वस्तू जमिनीला टेकायच्या आत आपण ती धरणार. माझे वडील धरायचे, मी धरतो. माझी मुलगी तर दुधाचे दात पडायच्या आधीपासून झेल घेते. एकदा स्टुलावरून झेप घेऊन तिने काचेचं भांडं जमिनीपासून चार बोटांवर धरलं होतं. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी कॉलर ताठ केली. तिची आई तेवढी म्हणाली, "पोरीचं माकड केलंत तुम्ही." मी ते हसण्यावारी नेलं.

मुलगी मोठी झाली आणि फोटो काढायला लागली. दुकानात बसेना, ते ठीक. पण मग प्रवासाची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशकाने तिला डोंगराच्या एका लांबलचक धारेवरून पायी फिरून फोटो काढायचं काम दिलं. कड्याकड्याने जायचं, तंबूत राहायचं, पाठीवर सगळा संसार, आणि एकटीने. तिने हे घरी सांगितलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मला उंचीची भीती वाटते असं घरात सगळे म्हणतात. ते खोटं आहे. मला पडण्याची भीती वाटते.

तिचा जुना ट्रायपॉड म्हणजे नुसतं धूड होतं. तो खांद्यावर टाकून जिना चढली तरी तिला धाप लागायची. तेव्हा हलका घ्यायचा ठरलं.

"मी येतो दुकानात," मी म्हणालो.

"बाबा, तुम्हाला ट्रायपॉडमधलं काय कळतं?"

"उभं काय राहतं आणि पडतं काय, एवढं कळतं."

कॅमेऱ्याच्या दुकानातली बाई चष्मा कपाळावर चढवून बोलायची आणि बोलायची मात्र मुद्द्याचं. तिने तीन ट्रायपॉड आमच्यापुढे मांडले. पहिला सगळ्यात हलका, कार्बनचा. घडी केली की पाण्याच्या बाटलीएवढा, सॅकच्या बाजूच्या खिशात मावणारा. पण त्याचे पाय एकातून एक निघत जायचे आणि शेवटचा तुकडा पेन्सिलीएवढा बारीक. दुसरा अॅल्युमिनियमचा, स्वस्त आणि जड. तिसराही कार्बनचाच, पण कमी तुकड्यांचा, जाड पायांचा. घडी थोडी लांब, वजन थोडं जास्त.

मी सवयीने तिन्हींच्या पायांवर टिचकी मारली. कपाला टिचकी मारली की तडा गेलाय की नाही ते आवाजावरून समजतं. इथे काहीच समजलं नाही. मुलीने डोळे मोठे केले.

"वाऱ्यात कसा टिकतो हा?" मी पहिल्याकडे बोट दाखवून विचारलं.

"कुठलाही हलका ट्रायपॉड वाऱ्यात हलणारच," बाई म्हणाली. "जाड पाय आधी उघडायचे, बारीक नाइलाजानेच. मधला दांडा वर काढायचा नाही. आणि त्याच्या खाली हा आकडा आहे ना, त्याला आपली सॅक अडकवायची. तिचं बूड जमिनीला टेकलं पाहिजे. लटकती ठेवली तर तीच झोके घेते आणि ट्रायपॉडला घेऊन पडते."

"पंखा लावा," मी म्हणालो.

"काय?"

"तो कोपऱ्यातला. फुल. आणि याच्यावर हिचा कॅमेरा चढवा."

"पडला तर?" बाईने मुलीकडे पाहिलं.

"आमच्यात काही पडत नाही," मुलगी हसून म्हणाली आणि पलीकडच्या कपाटाशी सॅक बघायला गेली.

पहिला ट्रायपॉड पूर्ण उंच करून, दांडा वर काढून, वर कॅमेरा चढवून आम्ही उभा केला. पंख्याचं तोंड वळत वळत आलं, कॅमेऱ्याचा पट्टा फडफडला आणि एक पाय फरशीवरून उचलला गेला. माझा हात निघाला होता. पण माझ्या आधी तिथे मुलगी होती.

ती कशी आली ते मी पाहिलं. तिच्या आणि ट्रायपॉडच्या मधे एक स्टूल होतं, ते उडालं. काचेचं कपाट होतं, त्याचा कोपरा तिच्या गुडघ्याला लागला. तिने यातलं काहीही पाहिलं नव्हतं. तिची नजर कॅमेऱ्यावर आणि पाठोपाठ सगळं अंग. कॅमेरा तिच्या दोन्ही हातांत अलगद होता, गुडघ्यातून रक्त येत होतं आणि ती हसत होती.

"वा, काय झेल घेतलात," बाई म्हणाली.

मी मात्र त्या उडालेल्या स्टुलाकडे बघत होतो. मधे स्टूल होतं म्हणून स्टूल उडालं. मधे जमीनच नसती तर? तिथे, त्या धारेवर, वाऱ्याने हा काडीपैलवान ट्रायपॉड कलंडला, की ही अशीच येणार. कड्याची कड तिला दिसणारसुद्धा नाही. आणि हे तिला मी शिकवलं होतं, लाडाने, टाळ्या वाजवून.

घरी येताना मी रस्त्यातच सांगून टाकलं, "तू जायचं नाहीस."

"बाबा, तिथे मी विचार करेन ना."

"इथे केलास?"

तिने गुडघ्याकडे पाहिलं. रस्त्याच्या कोपऱ्यावर ती थांबली. मग ती म्हणाली, "मी जाणारच आहे. त्यामुळे काय करायचं ते सांगा."

त्यावर मला एकच गोष्ट सुचली. जाड पायांचा ट्रायपॉड घ्यायचा आणि तिला झेल घेणं विसरायला लावायचं.

दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद झालं की आमची शाळा भरायची. शटर अर्धं खाली, टेबलं बाजूला, मधे ट्रायपॉड आणि त्यावर तिचाच कॅमेरा. आधी मी त्यावर एक जुनी किटली बांधून पाहिली, तर मुलगी जागची हलली नाही. किटलीला तिचा हात फसत नव्हता. मग खरा कॅमेराच ठेवावा लागला. ती एका बाजूला, हात खिशात. मी दुसऱ्या बाजूला. मी तिला इकडचं तिकडचं विचारायचो, तिच्या मैत्रिणींचं, जेवणाचं, आणि मधेच ट्रायपॉडला ढकलून म्हणायचो, "सोड."

पहिले काही दिवस ती सोडेना. खिशातून हात असे यायचे, की एकदा खिसाच फाटला. तिला राग यायचा, मला राग यायचा. एकदा मी तिला नाही नाही ते बोललो. ती रडली आणि म्हणाली, "मी मुद्दाम करते का?" मुद्दाम करत नव्हती, हीच तर भीती होती. मुद्दाम करणाऱ्याला समजावता येतं.

तिची आई दारातून बघायची. "दोघांनाही कुणाला तरी दाखवायला हवं," म्हणायची आणि आत जायची.

हळूहळू फरक पडला. आधी खांदा हलायचा, मग नुसता कोपर, मग बोटं खिशातल्या खिशात वळायची. आणि एका संध्याकाळी ट्रायपॉड तिच्याकडेच कलंडला, तरी ती एक पाऊल मागे सरकून उभी राहिली. चेहरा पांढराफटक, पण हात खिशात. मला बरं वाटलं. आपणच दिलेलं काहीतरी काढून घेतल्यासारखं वाईटही वाटलं.

कॅमेऱ्याला मात्र एक ओरखडा आला नाही. तो रोज मी झेलत होतो.

निघण्याआधी एकदा माझ्यासमोर खऱ्या कड्यावर उभी राहून दाखव, अशी मी अट घातली. शहराबाहेरच्या डोंगरावर सकाळीच गेलो. चढताना मला फारसं काही झालं नाही, कारण मी तिच्या टाचांकडे बघत होतो. वर पोचलो आणि माझ्या पाचावर धारण बसली. एवढा वारा असतो वर, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पठार पुढे जाऊन सपकन संपलं होतं आणि त्यानंतर नुसतं आभाळ होतं. खाली रस्ता दिसत होता, त्यावरची गाडी मुंगीएवढी.

तिने कडेपासून थोडं अलीकडे ट्रायपॉड लावला. सगळं बाईने सांगितल्यासारखं. जाड पाय, दांडा खाली, आकड्याला सॅक आणि सॅकचं बूड दगडावर टेकलेलं. मी जवळ जाऊन हलवून पाहिलं. गच्च होता. इतका हलका असून गच्च. माझा जीव थोडा भांड्यात पडला.

"बघा," ती म्हणाली आणि फोटो काढायला लागली. मग ढग सरकायची वाट बघत दोन पावलं बाजूला जाऊन उभी राहिली, हात खिशात घालून. मला दाखवायलाच घातले असावेत.

माझा घसा कोरडा पडला होता. जीभ टाळ्याला चिकटली होती. पाणी सॅकमध्ये होतं. मी वाकलो, आकड्यावरून सॅक काढली आणि बाटली शोधायला लागलो.

जन्मभर मी लोकांना सांगत आलो, की खालची बशी काढण्याआधी वरचा कप बघा. आणि मी, भीतीने अर्धा झालेला मी, त्या ट्रायपॉडला धरून ठेवणारं एकुलतं एक ओझं उचललं आणि माझ्या लक्षातही आलं नाही.

वारा आला. दोन पाय उचलले गेले आणि ट्रायपॉड कड्याच्या बाजूला झुकला.

मी आधी तिच्याकडेच पाहिलं, हे खरं आहे. तिचे हात खिशात होते. ती जागची हलली नव्हती. शिकली, माझ्या मनात आलं, पोर शिकली, वाचली. आणि हे मनात येत असताना माझं तोंड मातीत होतं, छातीखाली खडे घसरत होते आणि माझ्या मुठीत ट्रायपॉडचा पाय होता. मधलं मला काहीच आठवत नाही. माझे दोन्ही खांदे कडेच्या पलीकडे होते. कॅमेरा खाली लोंबत होता आणि त्याच्याही खूप खाली तो रस्ता.

माझ्या पायांवर धपकन वजन आलं. मुलगी माझ्या पोटऱ्यांवर पडली होती आणि तिने दोन्ही हातांनी माझा कमरेचा पट्टा धरला होता.

"बाबा, सोडा."

मला सोडायचं होतं. मी हाताला सांगत होतो. हात ऐकत नव्हता. वाऱ्याने ट्रायपॉड फिरत होता आणि प्रत्येक फेरीला मला थोडं थोडं पुढे ओढत होता. मुठीचं हाड न् हाड दुखत होतं आणि मूठ उघडत नव्हती. मी मरणार, एका कॅमेऱ्यासाठी, तोही माझा नाही, असं अगदी स्पष्ट वाटलं.

"सोड," ती म्हणाली. अगदी माझ्याच आवाजात, दुकानात मी म्हणायचो तसं. "सोड."

मग मला दुसरं काहीतरी जाणवलं. खडे फक्त माझ्याखालचे घसरत नव्हते. तिचे बूट मातीत घासल्याचा आवाज येत होता. मी पुढे जात होतो तशी तीही येत होती. मी तिला म्हणू शकत होतो, की तू सोड मला. पण ती माझी मुलगी होती. पडणारी वस्तू धरली, की आमच्यात ती सोडत नाहीत. मी गेलो असतो तर ती पट्ट्याला धरून माझ्या मागोमाग आली असती, मधे काय आहे ते न बघता.

मूठ उघडली. कशी ते विचारू नका.

आवाज यायला फार वेळ लागला आणि आला तेव्हा अगदी लहान होता, घरात चमचा पडावा एवढा. मी कोपरांवर सरपटत मागे आलो. तिने पट्टा सोडला नाही. आम्ही कडेपासून पुष्कळ आत, एका दगडाला टेकून बसलो, तरीही तिने तो धरूनच ठेवला होता. तिची बोटं मी एक एक करून सोडवली.

बऱ्याच वेळाने आम्ही दोघं पाणी प्यायलो. बाटली कुठे आहे ते शोधावं लागलं नाही, सॅक तिथेच पडली होती.

"दुसरा कॅमेरा मी घेऊन देईन," मी म्हणालो. "ट्रायपॉडही. तसलाच, चांगला होता तो."

तिने बाटलीचं झाकण लावलं.

"पण पुढच्या वेळी मी बरोबर येणार. रोज. तंबूतसुद्धा. तुझी आई काहीही म्हणो."

"नको बाबा," ती म्हणाली. "तुम्ही येऊ नका."

"का?"

ती आपल्या हातांकडे बघत होती. मग तिने ते खिशात घातले.

"कॅमेरा मला सोडता येतो," ती म्हणाली.