झिंग्याची मिशी

बसा असे, जरा उजव्या अंगाला... हां, तिथं दिसता तुम्ही. बारक्या चहा घेऊन येईपर्यंत एक गोष्ट सांगतो, चिकटपट्टीची. काचेवर चिकटवलेली, बोटभर रुंद, पिवळी... पिवळीच असावी. गोष्टीतला माणूस टेबलाशी उभा आहे, एका हातात काच कापायचा हिरा, दुसऱ्या हाताचा अंगठा त्या पट्टीच्या कडेवरून पुढे-मागे, पुढे-मागे, आणि डोक्यात एकच — ही पट्टी इथं आली कशी?

एकतीस वर्षं तो माशांच्या टाक्या बनवतोय. खूण करणार मेहुणा, हिरा चालवणार हा. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, सगळे बारक्याच म्हणतात, वजन नव्वद किलो. आधी बारक्या केसाएवढी रेघ मारायचा. मग रेघ जाड झाली, मग आणखी जाड, काळीकुट्ट, आणि गेल्या महिन्यापासून ही पट्टी, जिची कड बोटाला लागते. मागितली कुणी? यानं नाही. यानं तर बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं की डॉक्टर म्हणाले, कडेचं राहील, मधलं जात जाणार. म्हणजे बघा, खिडकी दिसते, दार दिसतं, पण ज्याच्याकडे सरळ बघावं त्याचं नेमकं तोंडच जातं, ओल्या फडक्यानं पुसल्यासारखं...

तो माणूस मीच हो. आता तुमच्यापासून काय लपवायचं!

ती कोपऱ्यातली छोटी टाकी बघा. शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंची टाकी तडकली, म्हणून नवी होईस्तोवर त्यांची दोन जनावरं आमच्याकडे मुक्कामाला. एक मासा, एक झिंगा. झिंगा जवळजवळ आंधळा, पण राबणारा, दोघांसाठी वाळूत बीळ खणतो. मासा दारात पहारा देतो. झिंगा बाहेर आला की एक लांब मिशी माशाच्या अंगाला टेकवून ठेवतो — माशानं शेपूट हलवली की हा सुळकन आत. बाई म्हणाल्या, असं जोडीनं राहणं तीन तऱ्हांचं. एकात दोघांचं भलं. दुसऱ्यात एकाचं भलं, दुसऱ्याचं काही जात नाही. तिसऱ्यात एक खातो न् दुसरा झिजतो.

"आमचे दाजी तिसऱ्यातले," बारक्या म्हणाला. "रोज माझा अर्धा डबा खातात."

बाई हसल्या. मीही हसलो. पण ते कुसळासारखं रुतून बसलं... तिसऱ्यातले.

तेव्हापासून माझे कान टवकारलेले. फोन आला की हा हल्ली बाहेर जातो. परवा म्हणत होता, "हो, कापूनच पाठवा. सगळ्या मापांत मिळतील ना?" कापून! कापलेली काच दारात आली तर माझं काम काय? चिकटवायला त्याचे दोन हात पुरे. मला बघून, म्हणजे माझी पावलं ऐकून, म्हणतो, "पुठ्ठे हो दाजी, पुठ्ठे." लागतात पुठ्ठे, टाक्या बांधून द्यायला लागतात, खोटं कशाला बोलू... पण आवाज का खाली आला? आणि मला घालवायचंच आहे तर पट्टी कशाला? काच येईपर्यंत म्हातारं चालतं ठेवायला? की बहिणीच्या नवऱ्याची दया? दया तर मुळीच नको... आणि मी तरी कोण लागून गेलो? न सांगता, न विचारता त्याच्या डोळ्यांवर जगतोय, ती तऱ्हा कितवी?

तर आत्ता, तुम्ही यायच्या जरा आधी, बाईंच्याच टाकीची काच होती. मोठी, एकच. म्हटलं, बघूच. हिरा पट्टीला न लावता मुद्दाम सूतभर बाहेर टेकवला. आपला असेल तर थांबवील. घालवायचं असेल तर गप्प राहील, काच वाया जाऊ देईल. बारक्या समोर काच धरून उभा — समोर, म्हणजे नेमका धुक्यात. दाब द्यायचा, एवढंच बाकी...

बारक्या खोकला.

आणि माझा हात, मला न विचारता, सरकून पट्टीला लागला! चर्र करून रेघ गेली, काच टेबलाच्या कडेवर दाबली, टक्, दोन तुकडे, लोणी कापावं तसे.

"चहा आणू, दाजी?"

"आण. सर्दी झाली का रे?"

"छे, धूळ."

धूळ... असेल. पण परीक्षा मी त्याची घेत होतो न् सापडलो मी. खोकल्यासरशी हात हलला, ते दिसलंच असणार त्याला. की नसेलच दिसलं? आणि गंमत बघा, कापलेल्या काचेची भीती सकाळपर्यंत होती, ती आता मागे पडली. आता वाटतं, उद्या हिरा टेकवला न् हा खोकलाच नाही तर?

जिन्यावर पावलं वाजतायत, तोच. एक काम करा माझं. तो आला की मी उगीच हिरा हातात घेईन, पट्टीवर अंगठा ठेवीन. तुम्ही काचेकडे नका बघू, त्याच्या तोंडाकडे बघा. आणि जाताना मला सांगा, काय होतं तिथं. हळूच सांगा.